फवारणीची बॅटरी आणि तलावाचा तळ

तलावात गाळ साठायला वर्षं लागतात, पण आमच्या मत्स्य सोसायटीत किस्से साठायला एक दुष्काळ पुरतो. पाणी भरलेलं असतं तेव्हा माणसं जाळं टाकतात, मासळी विकतात आणि घरी जाऊन झोपतात. पाणी आटलं की सगळे काठावर येऊन बसतात. मग रिकामी डोकी चालायला लागतात, आणि आमच्याकडची डोकी एकदा चालली की त्यांना ब्रेक नसतो.

मी सोसायटीचा सभासद खरा, पण धंदा माझा वायरिंगचा. तेलगावात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणि दिवे दुरुस्त करायचं दुकान आहे, म्हणून गाव मला मिस्तरी म्हणतं. त्या साली पावसानं पाठ फिरवली, तलाव नुसता बशीसारखा उथळ झाला आणि मासे कुठे गेले ते कुणाला कळेना. जाळी टाकून टाकून हात दुखले, वर आला तो चिखल.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो सुनंदावहिनींचा. त्या आणि त्यांचा नवरा रंगनाथ पूर्वी दर साल ऊसतोडीला जायचे. सोसायटी नीट चालायला लागली आणि वहिनींनी कोयता आढ्याला खोचून ठेवला. आता तोडीला माणसं नेणारा मुकादम पुन्हा दारात चकरा मारायला लागला होता. वहिनींनी त्याला तोंडावर सांगितलं, "मासळी घावली तर आमी येनार न्हाई. न्हाई घावली तर दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दारात आना."

* * *

पुण्याचे एक साहेब हौसेनं गळ टाकायला यायचे. त्या साली ते आले, तलावाकडे बघितलं आणि आपलं फिश फाइंडर आम्हाला देऊन गेले. म्हणाले, "आधी पाणी शोधा, मग मासे."

फिश फाइंडर म्हणजे तळहाताएवढा एक पडदा आणि त्याला वायरनं जोडलेला एक सेन्सर. सेन्सर पाण्यात सोडायचा. तो आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, आणि पडद्यावर दिसतं की तळ किती खोल आहे आणि मधे मासा आहे का. साहेबांनी सगळं दिलं, फक्त बॅटरी दिली नाही. मशीनमधून एक लाल आणि एक काळी, अशा दोन वायरी लोंबत होत्या.

रंगनाथ ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आला. होडीत ठेवली तशी होडी एका अंगाला कलली आणि आमचे चेअरमन बाबूआप्पा धोतरासकट चिखलात बसले. ते शांतपणे म्हणाले, "मासे दिसायला लागले मला."

तेवढ्यात सुनंदावहिनी घरचा फवारणी पंप घेऊन आल्या. पाठीवर अडकवून कापसावर औषध मारायचा तो बॅटरीचा पंप. कापूस गुडघ्याएवढाच होऊन वाळला होता, त्यामुळे पंप सालभर कोरडाच. "ह्यातली बॅटरी बी बारा व्होल्टचीच हाय की," त्या म्हणाल्या. मी बघितलं, खरंच होती! विटेएवढी, वजनाला हलकी, मशीनला नेमकी बसणारी. मी वर्षानुवर्षं हेच पंप दुरुस्त करतो आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

पण त्यांनी अट घातली. "बॅटरी माजी, तवा मांडीवर मीच घिऊन बसनार."

आप्पांनी घसा खाकरला. सोसायटीच्या होडीत बाई कधी बसली नव्हती. वहिनींनी बॅटरी पुन्हा पंपात घालायला घेतली. आप्पा सरकले आणि त्यांना जागा करून दिली.

* * *

आता जोडणी. मिस्तरी मी, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फ्यूज टाकला, लाल वायर प्लसला जोडली, आणि काळी वायर झोकात होडीच्या एका बोल्टला आवळली. बॅटरीच्या मायनसचीही तार दुसऱ्या बोल्टला आवळली. ट्रॅक्टरमध्ये आम्ही असंच करतो. मायनसची वायर लांबवत नेत बसायची नाही, सगळं अर्थिंग बॉडीला द्यायचं. लोखंडी सांगाड्यातून करंट आपोआप फिरतो.

मशीन लागेना. मी फ्यूज बदलला. लागेना. मी क्लिप घासली, बॅटरी तपासली, साहेबांना मनात चार शब्द ऐकवले. अर्धी सकाळ गेली.

शेवटी रंगनाथनं होडीवर टिचकी मारली. "मिस्तरी, ही होडी कशाची हाय बे?"

"फायबरची."

"मंग तुजा करंट काय पव्हत जानार हाय?"

काळी वायर मी गुपचूप बॅटरीच्या मायनसला जोडली. पडदा उजळला. पाण्याचा निळा पट्टा, खाली तळाची जाड रेघ, आणि बाजूला खोली किती फूट ते आकड्यात. आम्ही ज्या पाण्यावर उभा जन्म काढला, त्याच्या पोटात पहिल्यांदा डोकावत होतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी बॅटरीवाला माणूस आहे, मला पडद्यांचं कौतुक नसतं.

* * *

दुसऱ्या दिवशी मशीनची पूजा झाली. आमच्याकडे नवं यंत्र पूजेशिवाय चालत नाही. आप्पांनी नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं, ते पुसल्याशिवाय आम्हाला काही दिसेना तो भाग वेगळा.

होडी निघाली आणि लगेच पडद्यावर मासा! होडीच्या अगदी खाली, हातभर अंतरावर. रंगनाथनं जाळं फेकलं. रिकामं. होडी पुढे गेली, मासा पुढे आला. आम्ही वळलो, तोही वळला. आम्ही थांबलो की तोही थांबायचा.

"लई इमानी मासा हाय," आप्पा म्हणाले.

सकाळभर आम्ही त्याच्या मागे होतो, किंवा तो आमच्या. शेवटी रंगनाथ पाण्यात उतरला आणि होडीखाली हात घालून वर आला. हातात लिंबू-मिरची होती. मशीनला नजर लागू नये म्हणून आप्पांनीच सेन्सरला दोऱ्यानं बांधली होती!

* * *

एकदा मुकादम काठावर आला. वहिनींना तोडीसाठी पटवायचं होतं. त्या होडीत होत्या, म्हणून तोही चढला. मासा न सापडण्यातच त्याचा फायदा, तेव्हा रिकामा पडदा बघून तो आधी खुशीत होता. "बगा, म्या सांगितलं न्हवतं का," असं दोनदा म्हणालाही.

मग तोही बघत राहिला. बराच वेळ पडद्यावर नुसतं पाणी. त्याची चुळबुळ सुरू झाली. "जरा तिकडं घ्या की. तिकडं सावली हाय." तिकडेही काही नाही. "आरं, एक तरी दाखवा!" आणि अचानक पडद्यावर एक छोटी कमान उमटली. मासा. मुकादम उभा राहून ओरडला, "जाळं टाक, रंगनाथ, जाळं टाक!"

मरळ निघाली, बोटभर जाडीची. ती त्यानं दोन्ही हातांत धरून बघितली आणि स्वतःच पाण्यात सोडली. तोडीचं बोलायचं विसरून तसाच घरी गेला.

* * *

आप्पांचा जन्म तलावात बुडालेल्या गावातला. आम्ही हे ऐकून होतो, पण ते कधी बोलत नसत. त्या दिवशी होडी वरच्या अंगाला गेली, तेव्हा ते पडद्याकडे पाठ करून बसले होते.

"आता जमीन वर येईल," ते म्हणाले. "वेशीचा चौथरा हाय."

पडद्यावरची रेघ वर आली.

"आता सपाट. बाजाराची जागा." रेघ सपाट झाली. "आता पार. मोठा हाय." रेघेवर एक चौकोनी उंचवटा उभा राहिला.

मी मशीनकडे बघू की आप्पांकडे, मला कळेना. मशीन आवाज सोडून, परतीचा आवाज मोजून जे सांगत होतं, ते हा म्हातारा पाठ फिरवून आधीच सांगत होता. रंगनाथनं वल्हं थांबवलं. होडी आणखी पुढे सरकली. रेघेवर बारीक, तुटक उंचवटे दिसत होते, पडक्या भिंतींसारखे. वहिनींनी हळूच विचारलं, "आप्पा, हे काय हाय?"

"आमचं घर," ते म्हणाले, आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

* * *

पाडव्याचा दुसरा दिवस उजाडला. संध्याकाळी ट्रॅक्टर येणार होता. सकाळी आम्ही चौघं शेवटचं निघालो, तेव्हा वहिनी बॅटरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बुडाल्या गावाच्या पलीकडे पाणी इतकं कमी की वल्हं तळाला लागत होतं.

आणि एकाएकी पडद्यावरची रेघ तुटली. तीन फूट, तीन फूट, आणि मग एकदम पन्नास. मला वाटलं, वायर सैल झाली. मी क्लिपला हात घालणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "हात लावू नगंस. गावची बारव हाय ती. पायऱ्यांची. तिचा तळ कधी कुनी बगितला न्हाई."

रंगनाथनं होडी बारवेच्या मधोमध धरली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत कमानीच कमानी उमटल्या. एकावर एक, एकीत एक अडकलेल्या, मधे पाणी दिसायला जागा नाही. अख्ख्या तलावातले रोहू आणि कटला त्या एका विहिरीत येऊन उभे होते. जाळं नुसतं सोडायचा अवकाश होता. मी आयुष्यात असं काही बघितलं नाही, आणि पुन्हा बघेन असं वाटत नाही.

रंगनाथनं जाळं उचललं. "सुनंदे, घावली," तो म्हणाला. "आता कोयता न्हाई."

आप्पा कुणाकडेही न बघता बोलले. "एवडंच मासळीचं बियानं हाय. पुढल्या साली तळं भरलं तर ह्यातूनच भरनार. हे काढलं की संपलं." मग म्हणाले, "पर सोसायटीचा ठराव म्हनून सांगत न्हाई. ज्याचं त्यानं ठरवा."

रंगनाथ बायकोकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. वहिनी पडद्याकडे बघत होत्या. त्या कमानी हलत होत्या, एक मोठी कमान वर येऊन पुन्हा खाली गेली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मांडीवरच्या बॅटरीवर त्यांनी एकदा हात फिरवला, आणि लाल वायरची क्लिप ओढून काढली.

पडदा काळा झाला.

"मला काय दिसलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसलं का, भाऊजी?"

मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मलाही आठवत नाही.

"चला मंग," वहिनी म्हणाल्या. "ट्रॅक्टर यायच्या आत भाकरी बांदायच्यात."