लेकीच्या घरचं पाणी

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. आता ती कुणी पाळत नाही. आमच्या ह्यांनी मात्र हट्टाने पाळली. अलिबागला लेकीकडे जायचं तर सोबत घरून भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून खुशाल चहा प्यायचे आणि ह्यांना तसं सांगायचेही. लग्नाला एवढी वर्षं झाली, डॉक्टर झाले, देव झाले, मूल काही झालं नाही. त्यात समोर टीपॉयवर बापाची ती बाटली. मला ती उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशी वाटे. मूल होणं काय तिच्या हातात होतं? लेक नुसती बाटलीकडे बघायची.

पुढे तिने आणि जावयाने मिळून किनाऱ्याजवळ फ्रेंच हॉटेल काढलं. शनिवार-रविवारी मांडव्याला बोटीतून उतरणारी मुंबईची माणसं तिथे आधी फोन करून टेबल अडवून ठेवतात. कांद्याचं सूप आणि पाव खायला एवढा खटाटोप कशाला, असं हे म्हणायचे. एक दिवस लेकीने ह्यांना फोन केला. हे काही माझं घर नाही, हॉटेल आहे, या, जेवा आणि बिल द्या, असं म्हणाली. ह्यांनी बराच विचार केला आणि नक्की बिल घेणार असशील तरच येतो, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

गेलो. ह्यांच्या अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत नवी चप्पल, हातात बाटली. टेबलावर पांढरंशुभ्र कापड आणि मेणबत्ती होती, तिच्याशेजारी ह्यांनी बाटली ठेवली. वाढायला आलेल्या मुलीने बघून न बघितल्यासारखं केलं. सूप आलं, वर चीज खरपूस भाजलेलं. मीठ बरोबर आहे, असं हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मग लोण्यात परतलेला जिताडा आला. ना मसाला, ना चिंच, म्हणून आधी नाक मुरडलं. मग काटा-सुरी बाजूला सारली आणि हाताने सगळा मासा संपवला. पावाच्या तुकड्याने बशीही पुसून घेतली. पलीकडच्या टेबलावरची बाई बघत होती. बघेना का.

तेवढ्यात लेक आतून आली. कपाळावर घाम, मनगटावर भाजल्याचा डाग. आवडलं का, असं तिने उभ्याउभ्याच विचारलं. तू जेवलीस का, म्हणून ह्यांनी उलट तिलाच विचारलं.

"नाही बाबा. गिऱ्हाईकं उठली की मग."

ती सहज बोलून गेली. तिच्या मनात काही नव्हतं, माझ्या पोटची आहे, मला कळतं. पण ह्यांना ते लागलं. कॉफी नको म्हणाले आणि रिकाम्या बशीकडे बघत बसले.

कबूल केल्याप्रमाणे लेकीने स्वतः बिल आणून ठेवलं. ह्यांनी चष्मा लावला, बिल वाचलं, खिशातून पाकीट काढलं आणि न उघडताच परत खिशात घातलं.

"मी काय गिऱ्हाईक हाय तुझं?"

लेकीला कळेना. ती माझ्याकडे बघू लागली.  हे नंतर ऐकून माझी जाऊ म्हणते, भावजींना बिलाचा आकडा बघून घाम फुटला असेल. असेलही, आकडा होताच तसा. पण ह्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस हितं, बाय. आन् आधी मला पाणी दे."

तिने हॉटेलच्या जगातून पेला भरला. थोडं पाणी त्या पांढऱ्या कापडावर सांडलं. हे एका दमात सगळं पाणी प्यायले आणि पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.

बाटली होती तशी भरलेली घरी आली. त्यानंतर ती कधी अलिबागला गेली नाही.