हळदीच्या गाण्यातली हाळी

विठ्ठलवाडीच्या रंभा चांगदेव तांबे यांचा आवाज कल्याण-डोंबिवलीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने ऐकला आहे. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. लग्नाच्या मोसमात खिडकी उघडी ठेवली की पुरे. कुठल्या तरी मांडवात हळदीचं ते गाणं लागतं, बेंजो आणि ढोलकी वाजते आणि मग एका बाईची लांब, चढत जाणारी हाळी येते. हाळी चार सेकंदांची. त्यानंतर गायक गातो म्हणे. तोवर सगळे नाचायला लागलेले असल्याने खात्रीने सांगता येत नाही. अलीकडे या चार सेकंदांवर लोकांनी मोबाइलचे हजारो व्हिडिओ केले. त्यात नवऱ्या नाचल्या, नवरदेवांचे मामा नाचले, एकात तर जेसीबीही नाचला.

कॅसेट निघाली होती १९८९ साली. कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता, निर्मात्याच्या दिवंगत मातोश्री आणि कव्हर छापणारा प्रेसवाला, सगळ्यांची नावं होती. शेवटी ‘आणि कोरस’. कोरस म्हणजे रंभाताई, सरोज आणि दर्शना. रंभाताई तेव्हा मानपाड्याच्या एका कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायच्या आणि रविवारी रेकॉर्डिंगला जायच्या. कंपनीत निदान हजेरीच्या कार्डावर नाव असायचं.

ठाण्याच्या एका कला मंचाने विस्मृतीत गेलेल्या कलावंतांचा सत्कार जाहीर केला, तेव्हा रंभाताईंच्या नातीने, समीक्षाने, फोन लावून दिला. मंचाचे अध्यक्ष रवींद्र सर अशा कलावंतांबद्दल फार हळवे होते. कलावंत प्रत्यक्ष समोर आला की मात्र त्यांना कागद लागत.

“काही पुरावा आहे का, मॅडम? फोटो, करारपत्र?”

“करार कसला, सर. चहा-वडापाव दिलेला.”

“तसं नाही हो. आतापर्यंत पाच जणींनी सांगितलंय, हाळी त्यांचीच म्हणून.”

“मग पाचही जणींना हाळी द्यायला सांगा.”

माजिवड्याच्या ऑफिसात परीक्षा झाली. रंभाताईंना माइकसमोर उभं केलं. त्यांनी हाळी दिली, स्पीकर फाटल्यासारखा खरखरला आणि रवींद्र सरांनी खेदाने मान हलवली. आवाज जुळत नव्हता.

“माइक राहू द्या तिथेच,” रंभाताई म्हणाल्या. “मी दारात जाते.”

स्टुडिओत तेव्हा तिघींत एकच माइक असायचा. जिचा आवाज मोठा, ती मागे. सरोज पुढे, तिच्यामागे दर्शना आणि रंभाताई थेट दारात, एक पाय बाहेर. त्यांनी तिथून हाळी दिली. शेजारच्या ऑफिसातला सीए काय झालं म्हणून बघायला आला.

“आम्हाला शंका नव्हतीच,” रवींद्र सर म्हणाले.

“सर, माझं एकच म्हणणं आहे. स्टेजवर आम्हा तिघींची नावं घ्या. सरोज गेली. दर्शना बसलेली असेल समोर. मला शाल नको, नारळ नको.”

“अहो, त्यासाठीच तर हा सोहळा,” म्हणत सरांनी डायरी काढली आणि केटररच्या नाव-नंबराखाली तिन्ही नावं लिहिली.

सोहळा डोंबिवलीत, दुपारी चारला. सभागृह सातला रिकामं करायचं होतं. विस्मृतीत गेलेल्यांचा सत्कार असल्याने आधी, कोणी विस्मृतीत जाऊ नये म्हणून, उपस्थित मान्यवरांचा सत्कार झाला. मग त्यांच्या सौभाग्यवतींचा. साडेसहाला निवेदक नील याने घड्याळ बघितलं आणि गळा दाटून आणला. हाळी देणाऱ्या त्या कोण होत्या, असं त्याने विचारलं. इतिहासाला माहीत नाही, असं उत्तरही दिलं. त्या रंभाताई त्याच्यापासून चार फुटांवर उभ्या होत्या. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. हातात दिलेल्या स्मृतिचिन्हावर कोरलं होतं, ‘अनाम कोरस कलावंत’.

रंभाताईंनी ते चष्मा लावून वाचलं.

मग गाणं. गायक हयात नाही, म्हणून त्यांचा मुलगा सुदेश गाणार होता. बेंजोवर तानाजी. मांडवात हे गाणं वाजवण्याची एक रीत आहे: बायका हळद लावण्यात गुंतलेल्या असतात, हाळी येईल तेव्हा येते, आणि ती येईपर्यंत वाजवणारे सुरुवातीचाच तुकडा घोळवत राहतात. तानाजीची चाळीस वर्षं मांडवात गेलेली. हाळीची जागा आली. रंभाताई तोंड मिटून उभ्या होत्या. तानाजी शांतपणे वळून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला सुदेशने तोंड उघडलं आणि मिटलं. लोक टाळ्यांचा ठेका धरून होते, पाचव्या फेरीला तो विस्कटला.

“ताई, घ्या ना,” नील कुजबुजला.

“तुम्ही नाव घ्या.”

“कोणाचं?”

“माझं. आणि त्या दोघींचं.”

“ताई, गाणं चालू आहे.”

“कुठे चालू आहे?”

नीलने हातातली कार्डं चाळली. मान्यवर होते, सौभाग्यवती होत्या, प्रायोजक होते. त्याने विंगेकडे बघितलं. रवींद्र सर आधी हातवारे करून गा म्हणाले, मग हात जोडले, शेवटी डायरी घेऊन स्वतःच आले. पहिल्यांदा केटररचंच नाव वाचलं गेलं. मग पान नीट धरून त्यांनी घाईघाईत वाचलं, “रंभा तांबे, सरोज गायकवाड, दर्शना म्हात्रे.”

चौथ्या रांगेतून दर्शनाबाई उठल्या. “काय बोलला? मना ऐकाला नाय आला.”

सभागृह हसलं. सातला दहा मिनिटं होती आणि तानाजी नवव्या फेरीत होता.

“परत घ्या,” रंभाताई म्हणाल्या.

सरांनी परत वाचलं, सावकाश, एकेक नाव सुटं करून. सरोजच्या नावाआधी त्यांना ‘दिवंगत’ म्हणायचं सुचलं, तेही म्हणाले. दर्शनाबाई खाली बसल्या. रंभाताईंनी स्मृतिचिन्ह रवींद्र सरांच्या हातात दिलं आणि हाळी दिली, आणि तानाजी एकदाचा पुढच्या सुरावर गेला.