रांगेचा तारा

केळीच्या चिकाचा डाग काय असतो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. माझे वडील भडगावकडच्या बागांमध्ये कटाईला जायचे. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळपट होतो, आणि मग कापड फाटेल पण तो जात नाही. मी शाळेत असाच डाग पडलेला फ्रॉक घालून जायचे. आमच्या बाईंनी त्याकडे कधी पाहिलं नाही. त्या पाटी पाहायच्या. घरातली पहिली पदवीधर मी झाले ती त्या शाळेमुळे, आणि शिक्षिकाही त्याचमुळे झाले.

नेमणूक मिळाली ती सावद्याच्या बाजूच्या एका गावात. तिथल्या मुख्याध्यापकांनी चांगल्या वर्तनासाठी एक योजना काढली होती. दर शनिवारी परिपाठानंतर रांगेवार तपासणी व्हायची. नखं, केस, गणवेश, शिवीगाळ, मारामारी, सगळं त्यात. ज्या रांगेत कुणाचंच काही निघालं नाही, तिला फळ्यावर तारा. तारा मिळवणारी रांग खिचडीला पहिली बसायची. एकाची चूक निघाली तर सगळ्या रांगेचा तारा जायचा. सर म्हणायचे, "मुलंच मुलांना सुधारतात, मॅडम. आपल्याला छडी लागत नाही."

माझ्या तिसरीच्या वर्गात साक्रीकडची एक मुलगी होती. आईवडील केळीकटाईसाठी इकडे आलेले. शाळा सुटली की घराला कुलूप, म्हणून ती गणवेशातच बागेत जायची. फ्रॉकवर पुढून मोठा डाग. दुसरा गणवेश अजून मिळालेला नव्हता. ती अहिराणी बोलायची, त्याचीही मुलं नक्कल करायची, पण खरा राग डागाचा होता.

"ए चिक्की, तू शनिवारी येऊच नको ना!"

"हिच्यामुळे आपण रोज शेवटी खातो."

"मना फ्रॉक मळेल नही," ती म्हणायची. "माय रोज धुस."

"मना, मना!" रांग हसायची.

मी वर्गात डागाबद्दल सांगितलं. मुलांनी ऐकलं, मान हलवली, आणि शनिवारी तारा गेलाच. मग सरांकडे गेले. म्हटलं, "सर, ती अस्वच्छता नाही, चीक आहे. तिचा डाग धरू नका."

"आज डाग सोडला तर उद्या नखं सोडावी लागतील."

"मुलं तिला छळतात, सर."

"छळत नाहीत, समज देतात. स्वयंशिस्त म्हणतात याला." ते रागावले नव्हते. समजावून सांगत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या रांगेची प्रमुख मुलगी धावत माझ्याकडे आली. हात कोपरापर्यंत ओले, चेहरा आनंदानं फुललेला.

"बाई, आम्ही तिला धुतलं! पण डाग जातच नाही हो."

नळावर गेले. चौघींनी तिला ओट्यावर बसवून, फ्रॉक अंगावर असतानाच विटेच्या तुकड्यानं घासला होता. पोटावर आणि मांडीवर सालटं निघालं होतं. ती रडत नव्हती. ओला फ्रॉक दोन्ही हातांनी पोटापासून दूर धरून बसली होती. मी औषध लावलं, चौघींना सरांपुढे उभं केलं. सर म्हणाले, "पद्धत चुकली. हेतू चांगला होता." मुलींना त्यांनी एकदा 'सॉरी' म्हणायला लावलं.

शनिवारी ती आली नाही. तपासणीत त्या रांगेत काहीच निघालं नाही. गैरहजर मुलाची चूक धरायची नाही, असा नियम होता. सरांनी रांगेचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, फळ्यावर तारा काढला गेला. मी पुढे होऊन म्हटलं, "सर, हा तारा देऊ नका." मुलं माझ्याकडे पाहू लागली. सर हसले आणि माइकवर म्हणाले, "मॅडमना आपल्या वर्गाकडून आणखी जास्त अपेक्षा आहेत."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. कटाई नव्हती, आई घरीच होती. फ्रॉक दोरीवर वाळत होता.

"आते काय करू, बाई?" आई म्हणाली. "घाशी घाशी फाटी जाई कापड. तिना बाप म्हनस, राहू दे शाळा."

मी मुलीला जवळ घेतलं. म्हटलं, सोमवारी ये. तुला माझ्या टेबलाशेजारी बसवते, तिथं कुणी हात लावणार नाही.

तिनं जरा विचार केला. "मंग मी कोनी रांगमा, बाई?"

मी म्हटलं, कुणाच्याच नाही.

तिनं मान खाली घातली. हे उत्तर तिला आवडलं नाही, हे मला दिसलं, पण त्या शाळेत तिला द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. सोमवारी ती आली नाही. नंतरही नाही. कटाई संपल्यावर ते लोक साक्रीकडे निघून गेले, आणि त्यांनी दाखलाही मागितला नाही.