नलूची काठी

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, कँटीनच्या बाकावर, व्याह्यांच्या ओसरीवर. आणि तरीही ती मी अजून एकदाही सांगितलेली नाही. कुणालाच नाही. बायकोला नाही. जिला सांगायला हवी होती, तिला तर नाहीच.

कळलं नाही ना? कळेल. जरा दम धरा — मलाच धरवत नाहीये.

तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं आहे. ओळखणारे लोक मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात. कारण माझ्या फजितीच्या गोष्टी साऱ्या कोराडी कॉलनीला पाठ आहेत. रामटेकला दर्शनाला गेलो आणि येताना दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून बसमध्ये बसलो. घराच्या दारापर्यंत पत्ता नव्हता, नुसतं वाटत होतं की आज रस्ताच उजवीकडे वळतोय. असल्या चुका मी आनंदाने सांगतो. ज्या चुकीवर हशा मिळतो ती सांगायला छाती कुठे लागते?

ही त्यातली नाही. म्हणजे — आजवर मी ती त्यातलीच म्हणून सांगत आलो.

तेव्हा मी कोराडीच्या वीजकेंद्रात पंपावर ऑपरेटर होतो. तलावाचं पाणी ओढायचं आणि आत पाठवायचं. पाण्यात एक पट्टी उभी असायची, तिच्यावर आकडे. दर तासाला जाऊन पट्टी बघायची आणि वहीत आकडा लिहायचा, एवढं काम. आता तलावाचं पाणी तासाभरात कितीसं हलणार? म्हणून मी काय करायचो — जागेवरून न उठता मागच्या तासाचा आकडा खाली उतरवायचो. कधी बिघडलं नाही. आणि घरी येऊन ऐटीत सांगायचो, "पाणी मले विचारल्याशिवाय चढत नाही." पोहायला येत नव्हतं, हे वेगळं.

पंच्याहत्तर साल. माझा साळा मधू दीवच्या तारघरात बदलून गेला होता. दिवाळीच्या सुट्टीत या म्हणून त्याने पत्रामागून पत्रं धाडली. सुमन — माझी बायको — नलू आणि बंडू, असे आम्ही निघालो. नलू दहाची, बंडू पाचाचा. तीन गाड्या, एक बस आणि शेवटी होडी. होडीतून पलीकडे ते बेट दिसलं: पिवळा किल्ला, पांढरी चर्चं आणि ऊन कसं, तर धुऊन वाळत घातल्यासारखं. आमच्या कोराडीत ऊनसुद्धा राखेतून गाळून येतं. बंडूने होडीतच चड्डी काढायला घेतली होती.

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मीही नाही. पण मी पाण्यातला माणूस ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमन मधूबरोबर गावात गेली. पोरं माझ्या ताब्यात. जाताना मधू म्हणाला, "भाऊजी, ओहोटी आहे आता, पण थोड्या वेळानं भरती लागते. त्या दगडांवर पोरायले जाऊ देऊ नका."

किनाऱ्यापासून वीसेक पावलांवर एक चपटा काळा दगड होता. मधल्या पाण्यात घोटाही बुडत नव्हता. दगडावर छोटी छोटी डबकी, त्यांत खेकड्याची पिल्लं. बंडू तिथे जायला नाचत होता. मी त्याला उचलून दगडावर नेऊन ठेवला. तारघरातला माणूस मला पाणी शिकवणार?

नलू मात्र मागे लागली. "बाबा, मामा म्हणते ना का पाणी चढते म्हणून?"

"मामा तारा वाजवते. मी पाणी पाहतो," मी म्हणालो. तिथे ताडाची एक वाळकी काठी पडली होती. ती मी अगदी पाण्याच्या कडेला रोवली, आमच्या पट्टीसारखी. "हे पाह्य. पाणी या काठीच्या वर आलं तर तुले खांद्यावर बसवून बाजारभर फिरवीन. नाही आलं तर तू माये पाय दाबशील. मंजूर?"

"मंजूर!"

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. इथपर्यंत सगळं खरं आहे.

पुढे मी सांगत आलो ते असं — मी नलूला काठीवर लक्ष ठेवायला सांगितलं, काठी बुडली की भावाला हाक मार म्हटलं, आणि जरा आडवा झालो. पोरगी शिंपल्यांच्या नादी लागली, पाणी चढलं, आणि ओरडा झाला तेव्हा बाई म्हणतात कशा, "मी काठीच पाहून राहिली होती, पाणी आलंच नाही!" इथे मी तिचा आवाज काढतो. लोक लोटपोट होतात. आमच्या घराण्यात कुणी थाप मारली की अजून म्हणतात — ही नलूची काठी आहे का रे बाबा?

आता जे झालं ते.

अर्ध्या तासाने पाणी काठीच्या वीतभर पुढे आलं. नलू पाठ करून शिंपल्या वेचत होती. मला वाटलं — काय वाटलं असेल मला? पैज हरतोय असं? मधूचं खरं होतंय असं? की नुसतीच गंमत सुचली? मी काठी उपटली, वर सरकवली, नव्या कडेला रोवली. जुनं भोक पायाने बुजवलं. नलू ओंजळ भरून आली, काठीकडे बघत राहिली.

"बाबा, तिथंच आहे गा पाणी!"

"मंग? मी काय म्हटलं होतं?"

तिचा तो चेहरा! इतका विश्वास की मला हसू दाबता येईना. थोड्या वेळाने तिची पाठ वळल्यावर पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा, या खेपेला कडेपासून चांगली वर. प्रत्येक वेळी गंमत वाढत गेली. शेवटी तिला काठीजवळ बसवलं. म्हटलं, "आता तुयी ड्यूटी. काठी बुडाली का बंडूले हाक मारायची." आणि मी गमछा तोंडावर घेऊन पडलो. पैज मी जिंकलो होतो.

एकदाही दगडाकडे पाहिलं नाही. पंपावरही मी वहीकडे बघायचो, पाण्याकडे नाही.

ती बसली. दुसरीकडे बघायलाही तयार नाही, अशी बसली. शिंपल्या बाजूला ठेवून दिल्या तिने. काठीच्या पायाशी जेमतेम ओल होती. मी सांगितल्याप्रमाणे सगळं ठीक होतं. आणि तिच्यासमोर वीस पावलांवर मधलं पाणी एका पाच वर्षांच्या पोराच्या गळ्याला लागेल इतकं झालं होतं.

बंडूची हाक आली तेव्हा मी उठलो. दगड दिसत नव्हता. पाण्यावर नुसता बंडू उभा होता, गुडघ्यापर्यंत, हात फाकवून. मी धावलो. खरंच धावलो, एवढं माझ्या बाजूने लिहितो. कमरेपर्यंत पाणी आलं, पायाखालची वाळू सरकली आणि मी थांबलो. थांबलो म्हणजे पाय हललेच नाहीत. तेवढ्यात एक लाट आली. ती गेल्यावर तिथे बंडू नव्हता.

किती वेळ? मला विचारू नका. तितक्या वेळात मी एक पाऊल पुढे टाकलं नाही आणि एक मागे टाकलं नाही. माझ्या शेजारून एक खारवी, पलीकडे जाळं दुरुस्त करत बसलेला, पाणी फोडत गेला. त्याने बुडी मारली. रिकामा वर आला. पुन्हा मारली. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या हातात बंडूचा दंड होता.

पोरगा निळा पडला होता. कपाळ दगडाने फाटलेलं. त्या माणसाने त्याला पालथा घातला, पाठीवर दाबत राहिला. मी वाळूवर गुडघे टेकून 'बंडू, बंडू' करत होतो, आणि नलू काठीजवळच उभी होती. ड्यूटी सोडली नव्हती तिने. बंडूने खोकून पाणी ओकलं आणि रडायला लागला, तेव्हा सुमन आणि मधू धावत पोचले.

सुमनने पोराला छातीशी घेतलं. मग विचारलं, "कोण होतं पोराजवळ?"

नलू म्हणाली, "मी होती, आई. मी काठी पाहून राहिली होती. पाणी काठीच्या वर आलंच नाही, खरंच."

मधूने काठीकडे पाहिलं. "असं कसं होईल वं? दीड तासापासून भरती लागली आहे. पाणी एवढं वर आलं अन् काठी कोरडी?"

आणि सगळे माझ्याकडे वळले.

तेव्हा एकच वाक्य पुरलं असतं. 'काठी मी सरकवली.' तीन शब्द. मी मोजले आहेत, नंतर, खूप वेळा. मधू समोर उभा होता — ज्याने दगडावर जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. सुमनच्या मांडीवर रक्ताने भरलेलं पोर. तो खारवीही बघत होता. भाषा कळत नव्हती, पण बघत होता.

मी म्हणालो, "खोटं बोलून राहिली ते. शिंपल्या वेचत होती. मग घाबरून आणून रोवली असन काठी इथं."

बघा — नुसतं नाकारून मी थांबलो नाही. मी केलेलं तेच तिच्या नावावर टाकलं. इतकं नीटनेटकं खोटं मला त्या घाईत सुचलं कसं?

सुमनने नलूच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

नलू रडली नाही. माझ्याकडे रागाने बघेल असं मला वाटलं होतं. तशी ती बघती तर आज मी कदाचित हे लिहीत नसतो. तिने काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शिंपल्यांच्या ढिगाकडे. आठवून बघत होती ती — आपण उठलो होतो का, आपण काठी हलवली का. बाप म्हणतोय म्हणजे हलवली असेल. दहा वर्षांची पोर माझ्यासमोर स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध साक्ष फिरवत होती, आणि मी गमछ्याने बंडूचं कपाळ पुसत होतो.

बंडू बरा झाला. एक व्रण राहिला, तो केसांत झाकतो. आणि पोरगा बरा झाल्यावर मी काय केलं? गोष्ट केली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा कँटीनमध्ये हशा पिकला. दुसऱ्यांदा नलूचा आवाज काढला. तिसऱ्यांदा खारव्याला मिशा दिल्या. आणि माझं कमरेएवढ्या पाण्यात थिजणं? त्याचंही हसं केलं मी, 'पाण्यातला माणूस पाण्यात खांबासारखा' म्हणून. स्वतःवर हसणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार?

नलू मोठी झाली. हुशार, कामाची. फक्त एक सवय. बसची पाटी स्वतः वाचते आणि तरी शेजारच्याला विचारते, "कोराडीचीच आहे ना हो?" कुलूप लावते आणि सुमनला म्हणते, "आई, तू एकदा ओढून पाह्य न." सुमन चिडते. "तुले दिसत नाही काहून वं?" नलू म्हणते, "दिसते. तरी पाह्य." घरातले सगळे म्हणतात, स्वभाव आहे तिचा. मीही म्हणतो.

तिचं लग्न गांधीबागेतल्या एका कापडवाल्यांच्या घरी ठरलं. बैठकीत व्याही म्हणाले, "तुमच्या गोष्टी लय ऐकल्या, सांगा न एखादी." मी तीच सांगितली. तिच्यासमोर. होणाऱ्या नवऱ्यासमोर. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मागच्या महिन्यात तिच्या मुलीचं बारसं आमच्याकडे झालं. पाळणा हलवून झाला, बाया घुगऱ्या खात बसल्या. कोणीतरी मला म्हणालं, "आजोबा, काठीची गोष्ट." माझा घसा बसला होता. खरंच बसला होता. तर नलू म्हणाली, "थांबा, मी सांगते."

आणि तिने सांगितली. माझीच. माझ्या जागी थांबत, माझ्या जागी डोळे मोठे करत, स्वतःच्या आवाजाची नक्कल माझ्यासारखी करत. बाळ मांडीवर. शेवटी हसत म्हणाली, "लहानपणी मी अशी खोटारडी होती बाई! भावाचा जीव गेला असता माया पायी." बाया हसल्या. बंडूही हसला.

मी दाराशी उभा होतो. सगळं नीट सांगितलं तिने, पण खारव्याच्या मिशा विसरली.

मी बसलेल्या घशाने तिला आठवण करून दिली. "अन् मिशा?"

"हो, हो, मिशा!" ती म्हणाली, आणि परत सगळे हसले.