फुंकरकाकू

काकू कशावरही फुंकर घालत. चहावर तर घालतच, पण चष्म्यावर, पुस्तकांच्या कडांवर, कुणाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर, आणि एकदा आमच्या बंद पडलेल्या रिमोटवरसुद्धा. रिमोट त्यानंतर चालू झाला, हे मी स्वतः पाहिलं आहे. न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटमध्ये बाहेर बारा महिने फुकटचा वारा वाहतो, तिथे पदरचा वारा खर्च करणारी ही एकटीच बाई असावी.

मूळच्या त्या सांगलीच्या. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, स्वस्थ बसवेना, म्हणून शनिवारी सकाळी जवळच्या हॉलमध्ये मुलांसाठी पवनचक्कीचा वर्ग काढला. दोघांत मिळून एक डबा असे. त्यात प्लास्टिकची पाती, इवलीशी मोटर, दोन वायरी आणि एक लाल दिवा. पाती फिरली की दिवा लागतो, असं डब्यावर छापलं होतं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी वरात बाहेर गवतावर नेली. दक्षिणेचा वारा सुटला होता. त्याने सगळी पाती उचलून शेजारच्या आवारांत वाटून टाकली, आणि जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले एक आजोबा ती गोळा करून आणून देत राहिले. आम्ही पालक वाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. काकू शांत. "वाऱ्याशी भांडू नये, त्याला कामाला लावावं," त्या म्हणाल्या. "आणि तो ऐकत नसेल, तर आपला घरचा वारा आहेच की." मग मुलांना आत घेतलं आणि फुंकर घालायला शिकवलं.

त्या मुलांत माझी सई होती. सहा वर्षांची. पुण्याहून येऊन वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात तिने घराबाहेर एक शब्द उच्चारला नव्हता. घरात पोपटासारखी बडबड आणि शाळेचं फाटक आलं की मौनव्रत. वर्गाच्या बाई प्रेमळ होत्या, पण आता त्यांनाही काळजी वाटू लागली होती. संध्याकाळी ट्रेनमधून उतरून घरी आलो की मी विचारायचो, "आज बोललीस?" ती उत्तरादाखल बुटाची नाडी सोडत बसायची. चांगली रुजलेली पोर आपण उगाच उपटून आणली, असं मला वाटायचं.

हे सगळं मी काकूंच्या कानावर घातलं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि सईसमोर चक्की ठेवली. "बोलायची घाई नाही. आधी फुंकर घाल."

सईने गाल फुगवून जोर लावला. काही झालं नाही. काकूंनी पाती चिमटीत धरून जराशी वळवली. "सरळ पात्यावर वारा नुसता डोकं आपटतो गं. थोडं तिरकं व्हावं लागतं. आता गरम दुधावर घालतेस ना, तशी घाल. लांब." दिवा लागला. सई हसली, पण तोंड उघडलं नाही.

असे बरेच शनिवार गेले. शेवटी न राहवून मी म्हटलं, "काकू, विज्ञान पक्कं होतंय, पण बोलण्याचं काय?"

"अहो, बोलणं म्हणजे तरी काय, फुंकरच. आवाज मागाहून येतो."

टर्मच्या शेवटच्या शनिवारी पालकांना बघायला बोलावलं होतं. सईच्या जोडीला सिओने नावाचा गुटगुटीत मुलगा होता. त्याच्या आईने लागलेल्या दिव्याकडे वाकून सईला विचारलं, "डिड द विंड डू दॅट?"

सईने नकारार्थी मान हलवली. मग थांबली. मी मागच्या रांगेत श्वास रोखून उभा होतो.

"नो," सई म्हणाली. "इट्स अ फुंकर."

"फूंका?" सिओने खूश झाला आणि इथल्या बोलीत 'झकास' म्हणाला. "स्वीट अ‍ॅज. डू इट अगेन."

"नॉट फूंका," सईने त्याला खडसावलं. "फुंकर."

मी भिंतीकडे तोंड करून रडलो. काकूंनी जणू काही विशेष घडलंच नाही अशा थाटात "बरोबर" म्हटलं आणि पुढच्या पोराची निसटलेली वायर जोडायला घेतली. पुढे वर्षभरात शाळेतून निरोप आला की सई वर्गात फार बोलते. तो मी काकूंना पेढे घेऊन सांगायला गेलो.

दोन वर्षांनी काकूंच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि काकू कायमच्या सांगलीला निघाल्या. आम्ही निरोपाला त्यांच्या दारात उभे होतो. गाडीत बॅगा चढल्या होत्या. काकूंनी प्रत्येकाशी दोन शब्द बोलून घेतले, मला तब्येतीवरून दटावलंसुद्धा. सईपाशी आल्या आणि त्यांना एकही शब्द सुचेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सईने जॅकेटच्या खिशातून आपली वर्गातली चक्की काढली. वारा नेहमीसारखाच सुटला होता. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, चक्की आडोशाला धरली आणि काकूंच्या तोंडासमोर नेली.

"काकू, बोलायची घाई नाही," ती म्हणाली. "आधी फुंकर घाला."