आरशातला साक्षीदार

दाढी करणे हा दप्तरकाकांचा धंदा आणि चेहरे ध्यानात ठेवणे हा त्यांचा अहंकार. एकदा खुर्चीत बसलेला माणूस वीस वर्षांनी टक्कल घेऊन परतला, तरी काका फेस घोटता घोटता विचारायचे, "काय, मधे कुठे होतात?" म्हणून तर गल्लीने त्यांचे नाव दप्तर ठेवले. आणि देवाच्या देणगीचा माणसाला गर्व झाला की देव रागावत नाही हो, देव नुसता हसतो!

परवा सकाळी गुरुजी डोळे मिटून दाढीला बसले होते. दाराशी टेकवलेली त्यांची सायकल कुणीतरी हळूच उचलली. काकांनी समोरच्या आरशात पाहिले: क्षणभर वर झालेला एक चेहरा, उजव्या गालावर भाजल्याचा डाग. वळून दार गाठेपर्यंत गल्ली रिकामी.

काल सकाळी बेकरीचा पाववाला हातगाडी घेऊन दुकानावरून चालला होता. उजव्या गालावर भट्टीने दिलेला डाग. काका ओरडले, "हाच तो!"

"काका, मला सायकल चालवता तरी येते का?"

"ढकलत नेली असशील! हे डोळे चुकत नाहीत."

दप्तराच्या शब्दावर कोण शंका घेणार? बेकरीच्या मालकाने पाववाल्याची हातगाडी काढून घेतली आणि आज दुपारी पोलिसांत तक्रार द्यायचे ठरवले. संध्याकाळपर्यंत काकांच्या हकिकतीतल्या चोराच्या अंगावर निळा सदरा चढला, ओठांवर कपटी हसू आले.

"दुपारी सदरा नव्हता," काकू म्हणाल्या.

"आता आठवला."

"बरं आहे! इतरांची आठवण शिळी होते, तुमची ताजी होत जाते."

आज गुरुजी पुन्हा खुर्चीत. अर्धी दाढी उतरली, तोच दारात पाववाला येऊन उभा राहिला. "काका, घरात दोन लेकरं आहेत. एकदा नीट बघा माझ्याकडे."

काकांनी सवयीने आरशात पाहिले. डाग डाव्या गालावर! वळून पाहिले, उजव्या. पुन्हा आरशात, डाव्या!

"गुरुजी, आरशात उजव्याचं डावं दिसतं!"

"हे मी तिसरीच्या वर्गात शिकवतो," गुरुजी फेसातून म्हणाले.

"मग परवाच्या चोराचा डाग डाव्या गालावर होता! मी या गरिबाच्या पोटावर वस्तरा चालवला, गुरुजी!"

तीस वर्षे आरशात जग पाहिले, आणि आरशालाच जग समजून बसला हा जीव! गप्प राहिले असते तरी गुरुजी आणि पाववाला यांच्याखेरीज कुणाला कळणार होते? तीस वर्षांचे नाव शाबूत राहिले असते. पण आत बसलेला तो साक्षी गप्प बसू देईल तर ना! काका बेकरीकडे धावत सुटले. मागे गळ्यात फडके बांधलेले, अर्ध्या दाढीचे गुरुजी. त्यांच्या मागे पाववाला.

"काल तर छातीवर हात ठेवून सांगत होतात!" बेकरीचा मालक म्हणाला.

"छाती तीच आहे, मालक. चुकलो मी. तो निळा सदराही मी पाहिला नव्हता, मीच चढवला त्याच्या अंगावर."

"मग चोर कोण?"

"डाव्या गालावर डाग असलेला कुणीतरी. तेवढंच पाहिलं, तेवढंच सांगतो."

भट्टीजवळचे दोघे-तिघे गुपचूप आपापले गाल चाचपू लागले आणि सगळी बेकरी हसली. मालकाने हातगाडी पाववाल्याच्या हाती दिली.

दुकानात परतल्यावर काकांनी खुर्ची झटकली. "बस रे लेकरा. आज तुझा नंबर पहिला."

"आणि माझी उरलेली अर्धी?" गुरुजी कळवळले.

"ती कोण चोरतंय? बसा बाकावर."

ज्या हाताच्या बोटाने काल त्याला चोर ठरवले, त्याच हातात आज वस्तरा होता. पाववाल्याने मान मागे टाकली, गळा उघडा केला आणि निवांत डोळे मिटले. काका मात्र कितीतरी वेळ नुसता फेसच घोटत राहिले. डोळे पुसल्याशिवाय त्यांना तो गाल नीट दिसेना.