दाराखालची फट

नायगावच्या बीडीडी चाळीत भरदिवसा दार लावून बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर घरात भांडण झालेलं असतं. त्यामुळे तीन वर्षांच्या पूर्वीनं जागेपणी बंद दार पाहिलंच नव्हतं. बाकी पोरगी भलतीच तल्लख. लांबून येणाऱ्या बसचा नंबर सांगायची, कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून ओळखायची, आणि आबांनी गोष्टीतलं एखादं वाक्य गाळलं की त्यांना मागे फिरवायची. तिचे आबा, म्हणजे राजाराम परब, यांचा सगळा जन्म माझगावच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेला. मोठमोठी जहाजं पाण्यात उतरताना पाहिलेला हा माणूस, पण नातीपुढे त्यांची मती गुंग व्हायची. एवढ्याशा डोक्यात हे सगळं मावतं तरी कुठं!

आणि हीच पूर्वी बालवाडीच्या प्रवेशाच्या दिवशी अडली. रंग, फळं, आकडे तिनं फडाफडा सांगितले. मग बाईंनी वर्गाचं दार लावलं, आणि तिनं असा हंबरडा फोडला की बाहेर बसलेले आबा अनवाणीच आत धावले.

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण जूनमध्ये दार लावल्यावर राहिली नाही, तर पुढच्या वर्षीच आणा."

घरी आल्यावर सून श्रेया कधी नव्हे ती बोलली. "बाबा, तुम्ही तिला कडेवरून खाली उतरूच देत नाही. आता तिचं वर्ष जाईल." ते आबांना लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सराव सुरू झाला. पूर्वी आत, आबा बाहेर गॅलरीत. आधी दारात चप्पल अडकवून ठेवायची, मग नुसतं बोट. दार आणखी थोडं लागलं की आतून किंकाळी, आणि आबांच्या काळजाचं पाणी. शेजारच्या कालिंदीबाई रोज तिथून जाता-येता बघत होत्या. एकदा त्यांना राहवलं नाही. "काय ओ, सुनेन भायर काढल्यान की काय तुमका?"

आबांनी पुन्हा दारात बोट अडकवलं. डोकं आधीच फिरलं होतं.

मग एके दिवशी त्यांनी जीव घट्ट करून दार पुरतं लावलं. आतून आवाजच नाही. रडणं नाही, काही नाही. आबा घाबरले. कडीला हात घातला, तेवढ्यात अगदी जमिनीजवळून आवाज आला.

"आबा, तुझे पाय दिसतायत."

आबांनी खाली पाहिलं. दाराखालच्या फटीत एक काळाभोर डोळा चमकत होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एवढं आयुष्य दारांतून ये-जा करण्यात गेलं, पण आबांना हे सुचलं नव्हतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी दार लावलं आणि आत एकच आकांत उठला. बाहेर आयांचे डोळे भरले. आबा सगळ्यांना सारून पुढे गेले आणि दाराला चिकटून, पाय जुळवून उभे राहिले. आता जग इकडचं तिकडे झालं तरी ते हलणार नव्हते.

मग त्या गोंधळातून पूर्वीचा आवाज आला. "ए, रडू नको. खाली झोप. ते बघ माझे आबा." कोणीतरी हुंदका गिळला. "माझी मम्मी! लाल चप्पल!" दुसरं कोणी ओरडलं. आतलं रडणं हळूहळू ओसरत गेलं. बाहेरची मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आबांचा ऊर भरून आला. काल कडेवर होती ही!

"आबा," आतून हुकूम आला, "तू बाजूला हो. गौतमला त्याची आई दिसत नाहीये."

आबांचे पाय जड झाले. तरी ते सरकले, पार भिंतीपर्यंत. गौतमची आई त्यांच्या जागी उभी राहिली.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की आता पूर्वीला त्यांचे पाय दिसत नव्हते. ते कान देऊन थांबले. आत कोणीही रडत नव्हतं.